सात बुक्क्या

नायगावात आमचं आणि मोठ्या अप्पांचं घर एकाच अंगणात, समोरासमोर होतं. मोठे अप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायची. मी पाचवीत होते त्या उन्हाळ्यात दादाच्या मामाने नांदेडहून त्याच्यासाठी टीव्ही गेम आणला. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि हाताला चटका बसेल इतका तापणारा अडॅप्टर. कॅसेटमध्ये गेम पुष्कळ होते. विटा फोडायचे, रणगाड्यांचे, उड्या मारत पळायचे. ते सगळे आम्ही चार दिवसांत खेळून टाकले. मग राहिला मारामारीचा. दोघेजण समोरासमोर उभे राहून एकमेकांना हाणायचे आणि ज्याची वरची ताकदीची पट्टी संपेल तो किंचाळत आडवा व्हायचा. ती किंचाळी ऐकायलाच आम्ही खेळायचो, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

खऱ्या बुक्क्यांचा नियम दादानेच काढला. गेममध्ये हरेल त्याने दंड पुढे करायचा, जिंकलेल्याने एक खरीखुरी बुक्की मारायची. ओरडायचं नाही, हात मागे घ्यायचा नाही. पहिले पंधरा दिवस मीच हरत होते. तो मधल्या बोटाचं हाड पुढे काढून मारायचा. दोन्ही दंड काळेनिळे झाले. अंघोळ घालताना आईने विचारलं तेव्हा सायकलवरून पडले म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर गेम बंद झाला असता, आणि मला तर जिंकायचं होतं.

दादा मोठ्या अप्पांबरोबर शेतात गेला की मी एकटीच बसून सराव करायची. अंगठ्याला फोड आला, फुटला, तरी खेळत राहिले. त्यातच एक गोष्ट सापडली. समोरचा पडला की तो उठायच्या बेतात असतानाच खाली वाकून लाथ मारायची. तो परत पडतो. परत उठायला लागला की परत मारायची. त्याला उभं राहूच द्यायचं नाही. त्या गेमने मला शिकवलेली ही एकच गोष्ट. पुढे भांडणांत, नवऱ्याशीसुद्धा, मी ती वापरलेली आहे.

दादा हरायला लागला. एका दुपारी त्याचे चार मित्र खेळ बघायला आले आणि त्यांच्यासमोर मी त्याला सलग सात डाव हरवलं. मित्र हसायला लागले. दादाने रिमोट आपटला. लाइट कमीजास्त होते, हे डाव धरायचे नाहीत, असं म्हणायला लागला.

"दंड पुढं कर," मी म्हणाले.

मित्रांनीही लावून धरलं. तो बसला. सहा बुक्क्या मी दंडावर मारल्या, जीव खाऊन मारल्या. त्याने आवाज केला नाही. माझ्याकडे बघत तो गालातल्या गालात हसत होता, जणू माशी बसली होती. ते हसू मला सहन झालं नाही. सातव्या वेळी मी रिमोट मुठीत घट्ट धरला आणि दंड सोडून त्याच्या कानावर हाणला. तो एका कुशीवर कोसळला. कानातून रक्त आलं, कान दाबलेल्या त्याच्या बोटांमधून मनगटापर्यंत ओघळलं. तो उठायला लागला तेव्हा मी परत हात उचलला होता. एका मित्राने तो मागून धरला.

नांदेडच्या डॉक्टरांनी कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलो, असं दादाने घरी सांगून टाकलं. मला वाटलं, तो मला वाचवतोय. पण त्याला लाज वाटत होती, एवढंच. ती लाजही तीनच दिवस झाकली गेली, कारण मित्रांपैकी कुणीतरी चौकात सगळं सांगितलं.

मोठे अप्पा चौकातून आले ते पट्टा हातात घेऊनच. कानाला पट्टी बांधलेल्या दादाला त्यांनी अंगणात ओढलं.

"पोरीच्या हातचा मार खाऊन आलास?"

एवढं एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि मारत होते. पाठीवर, मांड्यांवर, तो वळला की पोटावर. दादाची आई, आमची मोठी आई, मध्ये पडली तर बक्कल तिच्या मनगटावर बसलं. मग त्यांनी टीव्ही गेम बाहेर आणून पायरीच्या दगडावर फोडला. मला कुणी काही विचारलं नाही, रागावलंही नाही. मी आमच्या दारात उभी होते. पहिल्या काही फटक्यांना मला बरं वाटलं. दादा ओरडायचा थांबला, तरी मी पुढे झाले नाही.

त्या कानाने त्याला पुन्हा नीट ऐकू आलं नाही. पुढे तो पोलीस भरतीसाठी दोन वर्षं पहाटे धावला, मैदानी चाचणी पार केली, लेखी पार केली आणि मेडिकलला कानावरून नापास झाला. आता तो शेती करतो.

माझं लग्न होऊन मी लातूरला आले. गेल्या वर्षी त्याच्या मुलीला इथे क्लास लावायला तो माझ्याकडे दोन दिवस राहिला. मुलगी क्लासला गेली होती, आम्ही दोघंच चहा घेत होतो. मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून, इतक्या वर्षांनी, म्हणाले, "दादा, तुझी भरती माझ्यामुळं गेली."

"कानाचं सोड. लेकरंच होतो आपण," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण अप्पा मला मारून राहिले हुते तवा तू दारात हसत हुतीस. ते माझ्या मनातून लई वर्षं गेलं न्हाई."

ते कुणाला दिसलं नाही, असंच मी धरून चालले होते. घाबरले होते, तोंड तसं झालं असेल, असं म्हणता आलं असतं.

"हाव," मी म्हणाले. "हसत होते."

त्याने मान हलवली. उरलेला चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. पाच वाजता क्लास सुटणार होता. आम्ही दोघंही पोरीला आणायला पायीच निघालो.