मोटारवाल्याने उघडलेला लॅपटॉप

पिंपळवंडीत घराच्याच पुढच्या खोलीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती पिकअपमध्ये टाकून माझ्याकडे आणतात. मी आतली जळकी तार काढतो, नवी भरतो आणि वर फुकटचा उपदेश करतो. कारण बहुतेक मोटारी एकाच कारणाने जळतात: लाईट कमी दाबाने येते आणि मालकाला धीर निघत नाही. म्हणून दुकानाच्या भिंतीवर मी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहून ठेवलंय, ‘व्होल्टेज कमी असताना मोटार चालू करू नये.’ माझं एवढंच काय ते प्रकाशित लिखाण. त्याच्यावर माझी इतकी श्रद्धा, की त्यापायी मी पोरीची परीक्षा बुडवायला निघालो होतो.

पोरगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. काहीतरी बनवायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर ते चालवून दाखवायचं, अशी ती परीक्षा. हिने गेम बनवला, तोही बैलगाडा शर्यतीवर. बाकीच्यांनी रोबोट नि अंतराळ घेतलं, हिने आपला घाट घेतला: धुळीचा चढ, चार बैल, पुढे घोडी आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. कुणी टोपी उडवतोय, कुणी उपरणं फिरवतोय, एक म्हातारा पुढे घुसतोय आणि दुसरा त्याला कॉलर धरून मागे ओढतोय. तो पुढे घुसणारा म्हणजे मी, असं बायकोचं म्हणणं. मला ते मान्य नाही. चाल मात्र माझीच आहे.

लॅपटॉप गेमिंगचा होता, पण मेमरी आठ जीबी. गाडा अर्ध्या घाटात आला, गर्दी दिसू लागली, की चारही बैल पाय हवेत घेऊन थांबायचे. परीक्षेला चार दिवस उरले होते. पोरगी घरी आली ती आणखी आठ जीबीची पट्टी घेऊनच.

“नारायणगावला दुकानात बसवून घेते,” ती म्हणाली.

“वीस वर्षं मी काय उघडतोय?”

“मोटारी, पप्पा.”

“मग? त्यात तर पाणीबी जातं.”

मी झाकण उघडलं. ती पट्टी मी नवरीला मुंडावळ्या बांधाव्यात इतक्या हळुवारपणे खाचेत ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. काळाच.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “लोकांचं जळलं की ते तुमच्याकडं येत्यात. आता तुमी कुणाकडं जाणार?”

पोरीने झाकण उघडलं, पट्टीवर अंगठा ठेवून दाबली. टक् असा आवाज झाला आणि दोन्ही बाजूच्या चापांनी पट्टी धरली. मी ती नुसती टेकवून ठेवली होती. बटण दाबल्यावर सोळा जीबी दिसले. गर्दी आली तरी बैल थांबेनात. त्या दिवशी गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगितलं, की मेमरी आपण घरीच बसवली.

पण चार-पाच बाऱ्या, म्हणजे घाटातल्या फेऱ्या, झाल्या की लॅपटॉप तापायचा आणि प्रोसेसर आपणहून हळू व्हायचा. पोरगी म्हणाली, “ह्याचं व्होल्टेज थोडं कमी करते. ह्या मॉडेलला ती सोय आहे.”

मी भिंतीकडे बघितलं. “व्होल्टेज कमी? जळंल ना ते.”

“नाही जळत, पप्पा.” तिने पडद्यावरची एक पट्टी सरकवून दाखवली: डावीकडे कमी, उजवीकडे जास्त; आणि ती डावीकडे, वजा आकड्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी मावशीकडे मढला गेल्या. मी लॅपटॉपसमोर एकटाच. वजाचं चिन्ह बघवेना. मी ती पट्टी शून्यावर आणली. मग वाटलं, थोडं वर असलेलं बरं.

दुपारी त्या परत आल्या. पोरीने गेम लावला. पंखा मळणीयंत्रासारखा ओरडायला लागला आणि दुसऱ्याच बारीला लॅपटॉप बंद पडला. परत लावला, परत बंद. सेटिंग तिने स्वतः केलेलं, म्हणून तिथे तिने बघितलंच नाही. दोन दिवस राहिलेले. ती शांतपणे म्हणाली, “गर्दी काढून टाकते. बैल तेवढे राहू देत.” आणि एकेक माणूस पुसायला लागली. पहिला गेला तो पुढे घुसणारा म्हातारा.

माणसं नसतील तर तो घाट कसला. आणि पोरीने वर्षभर बसून जमवलेली ती माणसं माझ्या अडाणीपणाने चालली होती.

“थांब,” मी म्हणालो. “सकाळी ते व्होल्टेज मी वाढवलं.”

“किती?”

“लई न्हाई. पार शेवटपर्यंत.”

बायकोने कपाळाला हात लावला. “जगाला शानपन शिकवायचं, आन् घरात ह्ये.”

पोरगी रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिने समजावलं: पाणी ओढायचं असतं म्हणून मोटार कमी दाबात जास्त करंट खेचते आणि तापते. प्रोसेसरचं उलटं, दाब कमी तर ताप कमी. कंपनी सगळ्यांनाच गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज देऊन ठेवते, एखादा प्रोसेसर कच्चा निघाला तरी चालावा म्हणून. आपला पक्का असेल तर कमीवर भागतं. किती कमीवर, ते मात्र चालवून बघावं लागतं.

चालवून बघणं. हे मला येतं. मोटार भरल्यावर मी ती तासभर चालवतो, अंगाला हात लावून बसतो, वहीत लिहितो. दोन दिवस तेच केलं. ती एक टप्पा खाली आणायची, गेम चालवायची, मी हात लावून बसायचो. एका टप्प्याला पडदा गोठला, तसे दोन टप्पे मागे आलो. शेवटच्या दुपारी निमगाव सावाचा एक शेतकरी जळकी मोटार घेऊन आला आणि ती पिकअपमध्येच विसरून पडद्यासमोर उभा राहिला. “भाऊ, तो म्हातारा तुमीच व्हय?” म्हणाला. पोरीने मला परत उभा केला होता.

पुण्याहून तिचा फोन आला. गेम एकदाही अडला नव्हता. परीक्षकाने सलग बारा बाऱ्या पळवल्या आणि विचारलं, मेमरी कुणी वाढवली. “वडिलांनी,” ती म्हणाली, “मोटारी भरतात.” आणि व्होल्टेज? “ते मी. वडिलांनी तपासून दिलं.”

मेमरीची पट्टी शेवटी कुणी दाबली, हे तिने सांगितलं नाही. म्हणून ते आता मीच सगळ्यांना सांगतो.

निकाल घेऊन ती घरी आली, तेव्हा माझ्याच लाल रंगाने माझ्या वाक्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ लिहून गेली: ‘लॅपटॉपला हा नियम लागू नाही.’ परवा भिंत रंगवून घेतली. रंगाऱ्याला सांगितलं, तेवढा तुकडा सोड.