टॉवेल आणि डेझिग्नेटेड हिटर

अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये माझ्याकडे एकच जबाबदारी होती: सूनबाई फोडणी देत असताना स्मोक अलार्मखाली उभं राहून टॉवेल हलवणं. अलार्म वाजला की अख्खी बिल्डिंग खाली उतरते, म्हणजे काम मानाचं! (असं मीच ठरवलं होतं.)

बाकी दिवस रिकामा. मुलगा निखिल आणि सून मुग्धा लॅपटॉपसमोर, नात रिया हेडफोनमध्ये. आमची ही गेल्यापासून मी भिंतीवरच्या घड्याळाशीही बोलायला लागलो होतो. रिया बोलते ती एकाच विषयावर, बेसबॉल. मग काय, म्हातारपणी बेसबॉल शिकलो!

एका रविवारी टॉवेल हलवता हलवता विचारलं, "रिया, सगळ्यात ग्रेट हिटर कोण गं?"

हेडफोन खाली आले! "डिपेंड्स, आजोबा. होम रन्स बघायच्या की ॲव्हरेज? बेस्ट हिटरपण दहात सात वेळा आउट होतो."

"सात वेळा? आमच्याकडे अशाला ड्रिंक्स घेऊन पाठवतात!"

ती खळखळून हसली. मला कोण चेव आला!

"आणि तो तुमचा डेझिग्नेटेड हिटर? नुसती बॅटिंग करायची, फिल्डिंगच्या वेळी बाकावर! आमच्या गल्लीत एवढे लाड फक्त ज्याची बॅट असेल त्याचे व्हायचे."

"नो वे! पिचरला, म्हणजे तुमच्या बोलरला, बॅटिंग येत नाही, सो ही बॅट्स फॉर हिम. ही इज व्हॅल्युएबल!"

"फिल्डिंग करत नाही तो टीममधला कसला?" म्हणत मी टॉवेलची गुंडाळी करून शॉट मारून दाखवला.

मागे मिरच्या तडतडल्या.

"बाबा, टॉवेल!" मुग्धा ओरडली. तोवर अलार्म केकाटायला लागला होता.

सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये! मुग्धा प्रत्येकाला सॉरी म्हणत होती, आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून मनातून खूश होतो. लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी माणसं चक्क बोलत होती! रियाने वाद तिथेच पुढे चालवला. शेजारचे आजोबा तिच्या बाजूने, पहिल्या मजल्यावरच्या बाई माझ्या. बंबवालाही जाता जाता मत देऊन गेला. (माझ्याविरुद्ध!)

दुसऱ्या दिवशी निखिलने अलार्मखाली पंखा बसवला. "बाबा, आता तुम्ही आरामात बसा."

पंखा फार गुणी निघाला. वाद घालत नाही. रियाचे हेडफोन परत कानावर गेले, आणि मी असतो सोफ्यावर.

डेझिग्नेटेड हिटरबद्दल बोललो ते सगळं मागे घेतो. त्या बिचाऱ्याला निदान बॅटिंगला तरी बोलावतात!