चित्रातली अभ्यासिका

आमच्या उपनगरातल्या वाचनालयाच्या दारात नवा फलक लागला आहे. येत्या रविवारी चित्रप्रदर्शन, भावगीतांची मैफल आणि वाचनालयाच्या जागी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीसाठी निधिसंकलन. खाली त्या इमारतीचं रंगीत चित्र आहे. तळमजल्यावर दुकानं, वर काचेच्या भिंतींचं सभागृह, गच्चीवर झाडं.

गाणं, चित्रं, पुस्तकं. याला नाही कोण म्हणणार? नेमकी तिथंच मला शंका येते. आमच्या घरी जेवायला बसण्याआधी सगळ्यांनी मिळून चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालायच्या, असा नेमच होता. जो कागद फार गोड बोलतो, त्यात काय लिहिलेलं नाही ते आधी बघावं, ही सवय तेव्हापासूनची.

म्हणून मी ग्रंथपाल बाईंना विचारलं, "मॅडम, या चित्रात अभ्यासिका कुठं आहे?"

"असेल मागच्या बाजूला. तुला सगळ्यातच खोट दिसते बाबा."

सुरेखा रोज सकाळी वाचनालयाच्या आताच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या एका खोलीच्या घरात पाच माणसं राहतात. शेजारच्या टेबलावरून, पुस्तकातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "मागं नाला आहे, मॅडम."

सुंदर कार्यक्रमाच्या आडून माणसाला जागेवरून उठवणं सोपं असतं. टाळ्या वाजत असताना खुर्ची सरकल्याचा आवाज कुणाला येतो?

चष्मा पुसून बाई फलकाजवळ गेल्या आणि चित्रातला एकेक मजला बोटानं शोधू लागल्या.