उजव्या हाताचा ओपनर

पत्र्याचा डबा उघडायचा ओपनर मी तयार केलाय असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "त्यात तयार करण्यासारखं काय असतं?" पूर्वी मला या प्रश्नाचा राग यायचा आणि मी समोरच्याला अर्धा तास सोडायचे नाही. दोन दांडे, ते जोडणारं रिव्हेट, वर धारदार गोल पातं, खाली दातेरी चाक आणि बाजूला दोन पंखांची चावी. दांडे डाव्या मुठीत दाबले की पातं डब्याच्या कडेशी पत्र्यात घुसतं. मग उजव्या हाताने चावी फिरवायची. दातेरी चाक कड धरून पुढे सरकतं आणि झाकण गोल कापलं जातं. चावीचा पंख थोडा लांब केला तर मनगटाला केवढा आराम पडतो, हे मी हाताशी येईल त्या कागदावर काढून दाखवायचे. आता विषय निघाला की मी चहा ठेवायला उठते.

पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात मी घरगुती अवजारांचे आराखडे करते. किसण्या, सोलाणी, चिमटे, असलं सगळं. पण पहिल्या रेघेपासून शेवटच्या नमुन्यापर्यंत सर्वस्वी माझा असा तो ओपनरच. पहिला ओपनर खोक्यात घालून मी म्हसावदला आईला नेऊन दिला. तिने तो स्वयंपाकघरात ठेवला नाही, पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मांडला. आल्यागेल्याला ती तो दाखवायची आणि म्हणायची, "हाई मन्ही आंडेरनी बनाडेल शे." आंडेर म्हणजे लेक. मी शेजारी उभी राहून लाजल्यासारखं करायचे आणि आतून फुगायचे.

आमच्याकडे डबे बरेच येतात. काका सुरतेला असतात. ते येताना आंब्याच्या रसाचे डबे आणतात, कारण खान्देशातल्या घराला रस कधी नको असतो असं नाही. आखाजीला तर तो लागतोच. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी पितरांसाठी घागर भरायची, रस-पोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी यायचं. झाडाचा आंबा तोवर पुरता पिकलेला नसतो, म्हणून निम्मा रस हाताने पिळलेला आणि निम्मा डब्यातला, अशी चलाखी घरोघर चालते.

ओपनर करायच्या आधी बायका डबा कसा उघडतात हे बघायला मी मुद्दाम गावी आले होते. कागदावर प्रश्न लिहून आणले होते. घरात किती माणसं, डबा कोण उघडतं, कशाने उघडतं आणि घरात कोणी डावखुरं आहे का. आमच्या गल्लीत मी दारोदार फिरले. आई सोबत होती, कारण ती असली की बायका मोकळेपणाने बोलतात, असा माझा हिशेब होता. डावखुऱ्याच्या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर आलं. पहिलं उत्तर आमच्याच ओट्यावर आईने दिलं, "आमना घरमा कोनी नही. लिखी ले." मी लिहून घेतलं.

पुण्याला बैठक झाली. साहेबांनी विचारलं, "डावखुऱ्यांचं काय? त्यांना ही चावी उलट्या बाजूला पडेल." मी कागद फडकवून म्हटलं, "सर, आमच्याकडे स्वयंपाकघरात डावा हात चालतच नाही. डावखुरी बाई सापडली तर बक्षीस लावा!" सगळे हसले. साहेबही हसले. तो मुद्दा तिथेच मिटला आणि लोक माझ्या विनोदाला हसले म्हणून मी दिवसभर खुशीत होते. त्या हसण्याचा आवाज मला अजून येतो आणि मी असेन तिथे मान खाली घालते.

गेल्या आखाजीला आत्या आली होती. ती नंदुरबारला असते, तिचं बोलणं चुरचुरीत. तिने कपाटातला ओपनर पाहिला आणि म्हणाली, "नुसता दखाडाले ठेयेल शे का? उघाड बरं एक डबा." आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, विळा शे ना." पण मलाच हौस. मी ओपनर काढून आईच्या हातात दिला आणि रसाचा डबा तिच्यापुढे ठेवला.

आईने दांडे डाव्या हातात धरले आणि उजव्या हाताने चावी फिरवायला घेतली. पहिला फेरा जेमतेम झाला. पुढे चावी अडली. तिने जोर लावला तसं पातं सुटलं. पुन्हा बसवलं, पुन्हा सुटलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. माझी चावी मी सत्तर वर्षांच्या मनगटासाठी मोजूनमापून केलेली, आणि ही बाई साठीचीसुद्धा नाही. मला राग येऊ लागला. आत्यासमोर माझी वस्तू नापास होत होती.

"माय, आसं नही! आन आठे. एवढं सोपं शे, ल्हानं पोर बी उघाडी," असं म्हणून मी ओपनर ओढून घेतला. ओढताना अर्धवट कापलेल्या झाकणाची कड तिच्या अंगठ्यात घुसली. आत्या फिसकन हसली होती, रक्त दिसल्यावर गप्प झाली. आईने अंगठा पदरात गुंडाळला. "काही नही, जराखं लागनं," ती म्हणाली आणि आत गेली. उरलेला डबा मी झरझर उघडून आत्याला दाखवला. हो, दाखवला. आई आत हळद दाबत होती तेव्हा मी बाहेर माझ्या चावीचं कौतुक करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेली आणि वडील शेतात गेले. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला निघाले. मागचं दार अर्धं उघडं होतं. आई पायरीवर पाठमोरी बसली होती, पुढ्यात रसाचा दुसरा डबा. तिच्या हातात माझा ओपनर नव्हता, एक काळपट लोखंडी पातं होतं, बाभळीच्या मुठीचं. टोक पत्र्यात खुपसून, पात्याची खाच डब्याच्या कडेला अडकवून ती मूठ वरखाली करत होती. खट, खट, खट. डबा तिच्या पट्टी बांधलेल्या उजव्या हाताखाली जागचा हलत नव्हता. मूठ होती डाव्या हातात. तिचा तो हात मी इतका सराईत, इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. मी ओल्या कपड्यांची बादली तशीच धरून मागे सरकले.

कधी पाहिला नव्हता, हे मी आत्ता लिहिलं ते खोटं आहे. पाहिला होता.

मी दहा वर्षांची असेन. धानोऱ्याला मामेबहिणीचा साखरपुडा होता. वरण-बट्टीची पंगत बसली होती आणि आई वरणाची बादली घेऊन वाढत होती. पंगत लांबलचक, बादली जड, मागून "वरण आना, वरण आना" चाललेलं. घाईत तिने बादली उजव्या हातात घेतली आणि वाढायचं डाव्या हाताने सुरू केलं. माझ्या शेजारी शहरातून आलेल्या दोन मुली बसल्या होत्या. त्या एकमेकींना कोपरं मारून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी पंगतभर ऐकू जाईल असं ओरडले, "माय, डावा हातनी वाढू नको! कोनी खावाव नही!"

पुढच्या पानावरच्या म्हाताऱ्याने पानावर आडवा हात धरला. आईने बादली जमिनीवर टेकवली आणि हात बदलले. तेवढ्यात गरम वरण तिच्या पायावर सांडलं. ती हूं की चूं न करता पुढच्या पानाकडे वळली. त्या दिवसापासून माझ्यासमोर तिने डावा हात कामाला लावला नाही. भाजी चिरताना, पोळी लाटताना, फोडणी टाकताना मी आत आले की तिच्या हातातलं काम एकदम मंद व्हायचं. मोठेपणी मी तिला चिडवायचे, "काय कासवनी गत चालनी तुन्ही!" आई मुळात हळू आहे असं मी ठरवून टाकलं होतं आणि पुढे ते मलाच खरं वाटू लागलं. गल्लीतल्या बायकांनी मला फसवलं असं म्हणायची सोयच नाही. माझ्या कागदावरचा भोपळा मी दहाव्या वर्षीच लिहून ठेवला होता.

त्याच मुक्कामात आईला न सांगता मी ते काळं पातं पिशवीत टाकून शहाद्याच्या बाजारात नेलं. मुठीवर तिथल्या एका कारागीर चाचांची खूण होती. आमच्याकडचे विळे-कोयते त्यांच्याचकडे धारेला जायचे. चाचांनी पातं उलटंसुलटं करून पाहिलं आणि लगेच ओळखलं. ट्रकच्या कमानपाट्याचं होतं, त्यांच्याच हातचं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चाचा, याची खाच या बाजूला कशी?"

ते म्हणाले, "तुम्हारी माँ आई थी, बेटी. बोली, ननद के वास्ते चाहिए. मैंने पूछा, हाथ कौनसा? कुछ बोली नहीं. मैंने खाली मूठ दी, बोला पकड़ के देखो. तो पकड़ी." त्यांनी आपला डावा हात थोडा वर करून दाखवला. "मैंने खाँचा उधर काट दिया. बस."

चाचांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही कदाचित सांगितलं नसतं, पण पातं माझ्या हातात पाहून घरात सगळ्यांना ठाऊक असणार असं त्यांना वाटलं. मी मान डोलावली, जणू मला ठाऊकच होतं. एवढंसं खोटंसुद्धा मला तिथे सोडवलं नाही. मी गल्लीभर कागद नाचवला आणि या माणसाने नुसती मूठ पुढे केली. परत येताना बसमध्ये शरमेने माझे कान तापले होते. घरी पोचल्यावर पातं आईच्या नकळत होतं तिथे ठेवून दिलं.

पुण्याला परतल्यावर मी डाव्या हाताचा आराखडा केला. आरशात पाहून काढावं तसा, चावी पलीकडच्या बाजूला. कागदावर हे काम एका सकाळचं. बैठकीत मांडताना मात्र मी म्हटलं, "एका वापरकर्तीची तक्रार आली आहे." माझी आई डावखुरी आहे, हे चार शब्द जिभेवर आले आणि मी ते गिळले. पुण्यातल्या त्या वातानुकूलित खोलीत कोण पानावर हात आडवा धरणार होतं? तरी गिळले. साहेब म्हणाले, "पुढे बघू." मग मी ओळखीच्या एका वर्कशॉपमधून एकच नमुना करवून घेतला.

या आखाजीला तो घेऊन गेले. नैवेद्याच्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात एकटी होती. पुरण शिजलं होतं आणि रसाचा डबा ओट्यावर होता. मी नमुना तिच्यासमोर ठेवला. तिने तो उचलला, चावी कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं आणि तिला काय ते कळलं. कळलं तसा तिचा डावा हात पदराखाली गेला.

"तुले कोनी सांगं?"

"कोनी नही. मी देखं. मांगला वरीसले, मांगला दारमा."

मी वर्षभर मनात घोकलेलं बोलायला लागले आणि सगळं एकात एक गुंतलं. धानोऱ्याची पंगत, पायावर सांडलेलं वरण, तिचा कापलेला अंगठा. "माय, माफ कर," मी म्हटलं. आमच्या घरात हा शब्द कोणी कोणाला वापरत नाही. तो बोलताना मला परका वाटला आणि तिलाही वाटला असणार.

"ते तुले याद शे?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला वाईट वाटलं होतं. मी ते विसरले असेन, याच भरवशावर तिने इतकी वर्षं काढली होती, आणि तो भरवसा मी माफी मागून मोडला.

मग तिने डबा पुढ्यात ओढला. पदराखालून डावा हात बाहेर आला आणि चावीजवळ थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दार लोटी दे."

मी धावत जाऊन दार लोटलं, कडीही घातली. आता ती माझ्यासमोर करणार, एवढंच माझ्या मनात होतं. मी वळून पाहिलं तर हात चावीपासून मागे गेलेला.

"आतून नही, बेटा," आई म्हणाली. "बाहेरथून."

मी कडी काढली, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. दाराशी उभी राहून ऐकत होते. पातं पत्र्यात घुसल्याचा आवाज आला आणि मग चावी फिरू लागली, न अडता, न थांबता, एका दमात सगळा वेढा. इतक्या सलगपणे माझा ओपनर मला स्वतःलाही कधी चालवता आला नव्हता. झाकण ओट्यावर पडलं.

दार उघडलं. आईने रसाची वाटी माझ्यापुढे धरली. "चाखी दख," ती म्हणाली. वाटी तिच्या उजव्या हातात होती.