हंसा सिस्टरचा चिमटा

दुकानदाराने दाखवलेला पहिला चिमटा हंसा सिस्टरनी कधीच घेतला नाही. डहाणू रोडच्या दुकानात त्या सगळे चिमटे काउंटरवर मांडायला लावत, एकेक उचलून दाराच्या उजेडात धरत आणि टोकं मिटल्यावर मध्ये फट राहते का ते पाहत. मग स्वतःच्या मनगटावरचा एखादा बारीक केस धरून ओढत. दुकानदार वैतागून म्हणायचा, "सिस्टर, सोनं घेताय का?" त्या शांतपणे म्हणत, "सोनं वाकडं चालते. हे नाय चालत."

२०१५ साली मी तलासरीजवळच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि बोर्डीला सिस्टरच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली ही नर्स एकटीच राहत होती. चिकूच्या वाड्यांत कामाला जाणाऱ्या बायका काटा रुतला की आधी सिस्टरच्या ओट्यावर येत. "काट्याला जोर नको," सिस्टर सांगत, "ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर आणायचा." काम झालं की चिमटा साबणाने धुवायच्या, उकळून कोरडा करायच्या आणि टोकांवर सलाइनच्या नळीचा तुकडा चढवून स्टीलच्या डब्यात ठेवायच्या. मी हसले की म्हणत, "दर्याचा वारा आहे, मास्तरीणबाई. इकडे माणूसपण गंजते." माझा स्वतःचा चिमटा न्हाणीघराच्या खिडकीत साबणाशेजारी पडलेला असे. तो पाहून त्यांनी विचारलं होतं, "याने भुवया काढते का कुंपणाची तार?"

एका दुपारी मला शाळेच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यातल्या जाड पिना काढायच्या होत्या. नखं तुटायची वेळ आली. सिस्टर बाजारात गेल्या होत्या आणि त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची. मी त्यांचा चिमटा आणला, चाळीस फॉर्म सोडवले, चिमटा पुसून नळी चढवून जागच्या जागी ठेवला. टोकं किंचित फाकली होती. ते मला दिसलं होतं, पण एवढ्याने काय होतंय, म्हणून मी गप्प बसले.

दोन दिवसांनी वाडीत काम करणारी रमिला लंगडत आली. "सिस्टर, जरा बघ ना, पाय टेकवत नाय." बाभळीचा काटा टाचेत घुसला होता. सिस्टरनी नेहमीसारखा चिमटा उजेडात पाहिला आणि काटा धरला. तो निसटला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा काटा आतच मोडला. रमिलाला दवाखान्यात नेऊन टाच चिरावी लागली आणि ऐन चिकूच्या तोडणीत ती घरी बसली.

त्या दिवसापासून सिस्टरनी डबा कपाटावर टाकला. कोणी आलं की म्हणत, "माझा हात गेला. दवाखान्यात जा." जेवताना उजवा हात माझ्यापुढे धरून विचारत, "बघ, थरथरतो का?" मी म्हणे, "नाही हो." ते खरं होतं, म्हणून तर मला ते इतकं सहज म्हणता येत होतं. आठव्या दिवशी गंजाडहून बस बदलत आलेल्या एका म्हातारीलाही त्यांनी परत पाठवलं. ती पाय ओढत फाटकाबाहेर गेली, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी पिनांचं सगळं सांगून टाकलं.

सिस्टरनी डबा उतरवला आणि चिमटा दारात नेऊन पुष्कळ वेळ पाहिला. "मला तर मिटलेला दिसतो. तुला फट दिसते?"

"दिसते."

"म्हणजे हात नाय गेला. डोळे गेले."

मी माफी मागू लागले तर त्यांनी थांबवलं. "चिमटा काय, नवा मिळेल. पण आठ दिवस मी तुला हात दाखवत होती, नि तू बघत होती." 

पुढच्या महिन्यात त्यांनी मोतीबिंदू काढून घेतला. २०१९ मध्ये माझी बदली होईपर्यंत त्यांच्या ओट्यावर बायका येत होत्या. चिमट्यावरून त्या मला पुन्हा एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पण मी कबुली दिली त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या मला रमिलाच्या पाड्यावर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "सांग."

मी सांगितलं. रमिला पट्टी बांधलेला पाय लांब करून दारात बसली होती. ती शिव्या देईल अशी तयारी करूनच मी गेले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सिस्टरकडे वळून विचारलं, "मंग सिस्टर, तुझा हात बरा हाय ना?"

"बरा आहे गं," म्हणत सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मी उभीच होते. दोघींपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही.