आधी काम, मग नाव

अमेरिकामावशी कधी कुणाला नाव विचारायची नाही. माणूस समोर आला की चष्मा कपाळावर सरकवायची, एकदा वरपासून खालपर्यंत बघायची आणि विचारायची, "तू काय केलं?" काय करतेस, असं नाही हं, काय केलं. समोरचा गडबडून जायचा. मी तर गेलेच. गणपतीत डब्लिनच्या मराठी मंडळींनी एक हॉल घेतला होता, तिथल्या स्वयंपाकघरात मी चमचे शोधत होते. इकडे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि कुठल्या प्रेसमध्ये काय ठेवलंय ते गणपतीलाच ठाऊक. तेवढ्यात मागून आवाज आला, "तू काय केलं?" मला वाटलं, माझ्या हातून काही सांडलं. म्हटलं, "मी नाही हो काही केलं." तर म्हणते कशी, "मंग कर की. नाव तेव्हा विचारीन."

मला जरा रागच आला. घरी येऊन मुलाला म्हटलं, "कोण रे ती शिष्ट बाई?" तो हसला. म्हणाला, "अगं, त्या अमेरिकामावशी. आपल्या मागच्याच गल्लीत राहतात."

म्हणजे डून लेरीलाच, डब्लिनच्या या समुद्राकाठच्या उपनगरात. मावशी मूळची अमरावतीची. लग्न होऊन अमेरिकेत गेली आणि तिथल्या एका लहानशा गावच्या वाचनालयात जन्मभर नोकरी केली. यजमान गेले, तेव्हा इकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर असलेल्या लेकीने तिला आपल्याजवळ आणलं. बोलणं वऱ्हाडी आणि त्यात अमेरिकेचा र. 'मार्केट' म्हणाली की तो र लिमलेटच्या गोळीसारखा तिच्या तोंडात घोळत राहायचा. माझीही गोष्ट तशीच. आमचे हे गेले आणि रोहनने मला कऱ्हाडहून इकडे आणलं, नात सांभाळायला. हे होते तेव्हा "अगं" म्हणायचे. इथे मी रोहनची आई आणि ईराची आजी. माझं नाव या देशात फक्त पासपोर्टला माहीत होतं. त्यामुळे मावशीने ते विचारलं नाही, हे मला इतकं का लागलं, ते तुम्हाला कळेल.

तिच्या त्या सवयीचं मूळ वाचनालयात होतं. दर शनिवारी ती मुलांना गोळा करून अमेरिकेतल्या नामवंत बायकांच्या गोष्टी सांगायची. पुस्तक पाठीमागे लपवलेलं. आधी त्या बाईने काय केलं ते सगळं सांगायचं, मुलांनी ओळखायचं, आणि मग पुस्तक पुढे धरून नाव दाखवायचं. मी एकदा विचारलं, "असं उलटं का हो?" म्हणाली, "नाव आधी सांगितलं तं पोरं म्हणतात, असंन कोनी मोठी बाई. काम आधी सांगितलं तं म्हणतात, हे तं आपल्यासारखीच होती." तिचाच नियम पाळून मीही इथे त्या बायकांची नावं लिहीत नाही. ज्याला हौस आहे त्याने ओळखावीत.

येता-जाता गल्लीत गाठ पडायला लागली, राग विरला, आणि आमच्या ओळखीचं पुढे रोजचं फिरणं झालं. डून लेरीचा धक्का समुद्रात लांबवर गेलेला आहे, आणि पाण्यापलीकडे समोरच्या दुसऱ्या धक्क्याच्या टोकाला दीपगृह. टोकापर्यंत जायचं, बाकावर बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं पुड्याच्या कागदापासून मासिकापर्यंत वाचून वाचून झालेलं. पण मावशीच्या तोंडून ऐकताना त्या बायका मला आपल्याच गोतावळ्यातल्या वाटायला लागल्या. एक होती धूमकेतूवाली. तीही मावशीसारखी वाचनालयातच नोकरीला. दिवसा पुस्तकं द्यायची आणि अंधार पडला की बापाबरोबर छपरावर चढून दुर्बीण लावायची. तिला नवा धूमकेतू सापडला आणि कुठल्या परमुलखातल्या राजाने सोन्याचं पदक दिलं. "वाचनालयातल्या बाईले कमी समजू नको," मावशी बजावायची. एक होती गणितवाली. अवकाशात जाणारा माणूस अडून बसला, यंत्राने आकडे काढले असतील, पण त्या बाईला एकदा हाताने तपासू द्या, मगच मी उडतो. मी म्हटलं, "आमच्या सासूबाई पण वाण्याचं बिल अशाच तपासायच्या." मावशी इतकी हसली, की शेजारच्या बाकावरचा कुत्रा भुंकायला लागला.

कोणाच्या घरी कुठली बाई न्यायची, ते मात्र ती नीट ओळखून होती. रोहन औषधाच्या कारखान्यात आहे, औषध बाहेर पडण्याआधीची तपासणी त्याच्याकडे. एका रविवारी मावशी जेवायला आली. भरली वांगी वाढून घेतली आणि सुरू झाली. एक बाई होती. सरकारी कचेरीत नव्यानेच लागलेली. नव्या औषधांना परवानगी द्यायचं काम. एका औषधाचे कागद आले. बाकी देशांत ते बिनधास्त विकलं जात होतं. कंपनीची माणसं रोज विचारायची, सही कधी? बाई म्हणायची, पुरावा पुरा नाही. वरिष्ठांपर्यंत तक्रारी गेल्या. बाई हटली नाही. आणि मग त्या बाकी देशांतून बातम्या यायला लागल्या. ज्या गरोदर बायकांनी ते औषध घेतलं, त्यांची बाळं हातापायांनी अधू जन्मली होती.

रोहनचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "मावशी, आमच्याकडे पण आहे एक अशी. सही करायला फार त्रास देते. आम्ही तिला नावं ठेवतो."

"ठेवा नावं," मावशी म्हणाली. "पन उद्या तिले चहा पाज."

त्याने पाजला म्हणे.

आता माझी गोष्ट. आमच्या बाकासमोर खाली पायऱ्या आहेत, तिथून बायका समुद्रात उतरतात. थंडी असो, वारा असो. माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्या. आमच्या शेजारची मॉरीनही त्यांत. एका आश्विनातल्या सकाळी त्यांच्याकडे बघत मावशी म्हणाली, एक होती पोहणारी. कसायाची पोर. लहानपणी गोवर निघाला, कानाला कमी ऐकू यायचं, डॉक्टर म्हणाला पाण्यात जाऊ नको. ती गेली ती थेट इंग्लंडच्या खाडीतच. अंगाला चरबी फासलेली, समोर पावसाचा मारा, लाटा उलट्या. बरोबरच्या नावेतली माणसं ओरडायला लागली, ये बाहेर! तिने पाण्यातूनच विचारलं, काहून? आणि पोहत राहिली. पलीकडे पोचली ती तिच्याआधीच्या सगळ्या पुरुषांहून लवकर.

अमेरिकेतल्या मुलीच्या तोंडी 'का'ऐवजी वऱ्हाडी 'काहून' कुठून येणार, ते मावशीने घातलेलं. पण मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले, "मी पण पोहायची."

"कुठं?"

"कृष्णेत. पाठीला वाळका भोपळा बांधून शिकवलं होतं चुलत्याने. पुढे भोपळ्याशिवाय. पुलावरून मुटका मारायची मी, पोरं बघत राहायची. मग लग्न ठरलं आणि पाण्यात जाणं बंद झालं."

"काहून?"

"काहून म्हणजे? सासरी विहिरीवर धुणी धुवायला जात होते की."

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. "बाई गं," ती म्हणाली, "इतके दिवस मी तुले अमेरिकेतल्या बायका सांगून राहिली, अन् तू हे पोटात धरून बसली?"

पुढचे चार-आठ दिवस घरात नुसता गोंधळ. रोहन म्हणाला, "आई, न्यूमोनिया होईल." मी म्हटलं, "मावशी म्हणतात, काहून?" ईरा नऊ वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर आयरिश इंग्लिशमध्ये. ती म्हणाली, "लेट हर, डॅड. शी'ल बी ग्रँड." इकडे ठीक असण्याला ग्रँड म्हणतात. मॉरीनने आपला जुना रबरी पोशाख दिला. तो घालताना मला आणि सुनेला मिळून जो घाम फुटला, त्या घामातच मी निम्मी पोहले.

पहिली पायरी. दुसरी. पाणी नव्हतंच ते, सुऱ्या होत्या. श्वासच अडकला. मॉरीन बाजूने म्हणत होती, हळू श्वास घे, आत गेलं की ग्रँड. मनात आलं, परत फिरावं. कोण काय म्हणणार आहे? वर बघितलं. मावशी कठड्याला टेकून उभी होती, एका हातात माझा टॉवेल, दुसऱ्यात थर्मास. मी नाक धरलं, कृष्णामाईचं नाव घेतलं आणि अंग सोडलं. आणि काय सांगू, हातापायांना सगळं आठवत होतं! डोकं विसरलं होतं, हातपाय नाही. धक्क्याच्या कडेकडेने जाऊन आले. खारट पाणी नाकातोंडात गेलं, हसूही येत होतं, रडूही.

वर आले तेव्हा दात वाजत होते. मावशीने टॉवेल गुंडाळला, चहा हातात दिला आणि मग अगदी सावकाश विचारलं, "आता सांग. नाव काय तुझं?"

"वत्सला," मी म्हटलं.

"वत्सला!" मावशी धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. पोहणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. किती वर्षांनी माझं नाव कुणी एवढ्या मोठ्याने घेतलं होतं! त्या दिवसापासून मी तिची वत्सला झाले. फोनवर वत्सला, गल्लीच्या टोकावरून वत्सला, भाजीच्या दुकानात वत्सला. सून म्हणायची, "आई, तुमचं नाव छान आहे हो. कधी ऐकलंच नव्हतं."

पुढच्या हिवाळ्यानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. मावशीच्या गोष्टी तशाच रंगायच्या, पण शेवटी नाव ती सांगायची नाही, ऐकायला बसलेल्या ईरालाच विचारायची, "सांग, कोन?" ईरा सांगायची, आणि मावशी म्हणायची, "बरोबर!" एकदा ईराने घाईत गणितवालीच्या गोष्टीला धूमकेतूवालीचं नाव सांगितलं. मावशी म्हणाली, "बरोबर!" ईराने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

ते मावशीच्या नजरेतून सुटलं नाही. ईरा खेळायला पळाल्यावर म्हणाली, "नावं उडून राहिली वं. कामं आहेत अजून."

"लेकीला सांगितलंत?"

"डॉक्टर आहे ते. तिले माझ्या आधी समजलं." मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "बरं झालं ना, जन्मभर नाव मागूनच सांगितलं ते. लोकांले वाटते, नियमच आहे बुढीचा."

ती हसत होती. माझ्या मनात मात्र एकच. इतक्या वर्षांनी मिळालेलं माझं नाव, तेही हिच्याकडून जाणार. स्वार्थीच विचार, पण आला खरा.

मग लेकीची बदली पश्चिमेला झाली, शॅननकडे. निघताना मावशीने मला आपला थर्मास दिला. "वत्सला" म्हणाली की नाही, ते मी मुद्दामच ऐकत राहिले. म्हणाली. दोनदा म्हणाली.

या मे महिन्यात रोहन कामाला तिकडे जाणार होता, मी गाडीत बसले. मावशी अंगणात उन्हाला बसली होती, मागे पिवळ्या काटेरी झुडपांचं कुंपण फुललेलं. वाळली होती, पण डोळे तेच. मी पाया पडले. तिने चष्मा कपाळावर सरकवला, वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळख नव्हती.

"बस," म्हणाली. "एक गोष्ट सांगते. एक बाई होती."

मी बसले. वाटलं, धूमकेतूवाली असेल.

"नदीकाठची. लहानपनी पुलावरून मुटका मारे. मंग लग्न झालं अन् पानी सुटलं. म्हातारी झाली, तं लेकाने समुद्राकाठी आनली. बर्फासारखं पानी. सारे म्हनत, नको जाऊ. ते म्हने, काहून? अन् गेली. पार तिकडच्या दीपगृहापर्यंत पोहत गेली अन् वापस आली!"

दीपगृहापर्यंत मी काही गेले नव्हते हो. पण मी तिला थांबवलं नाही.

"सांग, कोन?"

 मी नीट, मोठ्याने सांगितलं, "वत्सला."

"बरोबर!" मावशीचा चेहरा उजळला. "तुले बी माहीत आहे? चांगलं. धूमकेतूवालीच्या नंतर मी तिचीच सांगते." मग माझ्याकडे जरा वाकून बघितलं. "अन् तू काय केलं?"

हसू आलं मला. म्हटलं, "मी नाही हो काही केलं."

"मंग कर की," ती म्हणाली. "नाव तेव्हा विचारीन."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मॉरीनला गाठलं. विचारलं, ते समोरचं दीपगृह आपल्या पायऱ्यांपासून, पाण्यातून, किती लांब पडतं गं? ती म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. मग दीपगृहाकडे बघून म्हणाली, ऑगस्टमध्ये पाणी जरा बरं असतं.