लाल फितीचा आबनूस

परकीय झाडांपासून मायभूमी वाचवणे हे प्रत्येक नागरिकाचे पवित्र कर्तव्य आहे. हे वाक्य मी मॉरिशसच्या जंगलात, शामियान्याखाली, गुबगुबीत खुर्चीत बसून ऐकले. भोवती चिनी पेरू माजला होता. तो कधीकाळी बोटीतून आला आणि इथली मूळची झाडे त्याच्या गर्दीत गुदमरली.

माझ्या शेजारी वनखात्यातले शिवराममामा उभे होते. त्यांचे पणजोबाही बोटीनेच आलेले, रत्नागिरीकडून. या पेरूंच्या रानात मामांनी सहा वर्षे आबनुसाचे, म्हणजे इथल्याच मूळच्या काळ्याभोर लाकडाच्या झाडाचे, एक रोप जगवले होते आणि ते आता कुठे गुडघ्याएवढे झाले होते. चुकून कुणी उपटू नये म्हणून त्यांनी त्याला लाल फीत बांधली होती.

भाषण संपवून प्रमुख पाहुणे पेरू उपटायला उठले. सगळा जन्म उद्घाटनांत गेलेला. लाल फीत दिसताच त्यांचे पाय आपोआप तिकडे वळले.

"साहेब, ते नको. ते आपलं आहे," मामा म्हणाले.

"आपलंच आहे हो, म्हणून तर आलो," असे म्हणत साहेबांनी ते मुळासकट उपटले. टाळ्या झाल्या.

ज्याला इथले पान ओळखता येत नाही तो परका, मग तो बोटीने येवो की सरकारी गाडीने. मामांनी फीत सोडवून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. साहेबांच्या हातात आबनूस आहे आणि मागे पेरू उभा आहे.